मोटरसायकल रेसिंगचे नियम आणि पैशाच्या पळवाटा

प्रश्न थोडक्यात असा आहे: मोटोजीपी (खास शर्यतीसाठी बनवलेल्या गाड्यांची जागतिक स्पर्धा) आणि सुपरबाइक (दुकानात मिळणाऱ्या गाड्यांवर बेतलेली) यांच्यात दर काही वर्षांनी नियम बदलतात. प्रत्येक वेळी ‘खर्च आटोक्यात येईल, चुरस वाढेल’ असं सांगतात. खरंच तसं होतं का, की शेवटी पैसेवालेच पुढे राहतात? आणि २०२७ पासून येणाऱ्या ८५० सीसीच्या नियमांनी छोट्या संघांच्या पदरात काही पडेल का?

आधी माझी बाजू सांगतो, म्हणजे उत्तर कुठल्या चष्म्यातून येतंय ते कळेल. मी बरीच वर्षं रेसिंग संघांमध्ये डेटा आणि इलेक्ट्रॉनिक्सचं काम केलं. त्यातला बहुतेक काळ खासगी संघांत गेला, म्हणजे जिथे गाडी दुसऱ्याची असते आणि बिल आपलं. त्यामुळे नवीन नियमांचा कागद हातात आला की मी आधी ‘हे कोण भरणार?’ एवढंच शोधतो.

कंपनीचं रेसिंगचं बजेट आधी मंजूर होतं आणि ते कुठे घालायचं हे नंतर ठरतं. नियमाने एखादा भाग बंद केला तर तो पैसा परत तिजोरीत जात नाही. अभियंते तेच, पगार तेच, फक्त दुसऱ्या टेबलावर बसतात आणि पुढचा दशांश सेकंद शोधायला लागतात. म्हणून नियम चांगला की वाईट हे ठरवताना मी दोन गोष्टी बघतो. जास्त पैसे ओतल्याने मिळणारा फायदा या नियमाने खरोखर आटतो का? आणि तो नियम किती वर्षं जागेवर राहणार आहे?

हा खेळ जुना आहे. १९६०च्या दशकात होंडाने २५० सीसीत सहा सिलिंडर बसवले, १२५ सीसीत पाच. सुझुकीच्या ५० सीसीच्या दोन सिलिंडरच्या गाडीला १४ गिअर होते, कारण त्या इंजिनाची ताकद इतक्या अरुंद पट्ट्यात मिळायची की गिअर बदलत राहण्याशिवाय इलाज नव्हता. शेवटी एफआयएमने, म्हणजे मोटरसायकल खेळाच्या जागतिक महासंघाने, ५० सीसीला एक सिलिंडर, १२५ आणि २५०ला दोन, आणि गिअर सहा अशी मर्यादा घातली. तोवर होंडाने गाशा गुंडाळला होता, म्हणजे वरातीमागून घोडं. तरीही तो नियम टिकला, आणि त्याचा परिणाम असा झाला की पुढे कित्येक वर्षं यामाहाच्या विकत मिळणाऱ्या दोन सिलिंडरच्या गाड्या घेऊन खासगी रायडर जागतिक स्पर्धेत उतरले आणि जिंकलेही. माझ्या मते खर्च कमी करणारा खरा यशस्वी नियम हाच. त्याने तंत्राची हद्द आखली आणि मग पुष्कळ काळ कुणी त्याला हात लावला नाही. होंडा परत आली १९७९ मध्ये, चारच सिलिंडर चालतील या नियमाला उत्तर म्हणून लंबगोल पिस्टनचं, ३२ व्हॉल्व्हचं एनआर५०० घेऊन. कागदावर चारच सिलिंडर! ती गाडी शर्यतीत काही चालली नाही, पण नियम वाचणारे अभियंते कसे असतात ते त्यातून कळतं.

आता आपल्या काळात येऊ. २००२ मध्ये ५०० सीसीच्या टू-स्ट्रोकच्या जोडीला ९९० सीसीच्या फोर-स्ट्रोक गाड्यांना परवानगी मिळाली. दोन्ही एकाच शर्यतीत पळत होत्या आणि त्या हंगामातल्या सगळ्या १६ शर्यती फोर-स्ट्रोकने जिंकल्या. नवी गाडी हाती नसलेल्या संघांसाठी ते वर्ष म्हणजे मागून धूर खाणं. ही पहिली खूणगाठ बांधून ठेवा: नियम बदलतो त्या वर्षी अंतर वाढतं. ज्याच्याकडे दोन प्रकल्प एकाच वेळी चालवायची ताकद आहे, तो तयार होऊन येतो. बाकीचे दीड-दोन वर्षं त्याच्या मागे धावतात.

२००७ मध्ये ९९०चं ८०० सीसी केलं. कारण सांगितलं सुरक्षिततेचं, वेग कमी व्हावा म्हणून. त्याबरोबर टाकीतलं इंधन २१ लिटरवर आणलं. झालं काय? इंजिन लहान झालं, मग ताकद परत मिळवायचा मार्ग एकच उरला, इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे वाढवणं. फेरे वाढले की व्हॉल्व्हच्या साध्या स्प्रिंगा पुऱ्या पडत नाहीत. डुकाटीकडे स्प्रिंगशिवाय चालणारी डेस्मोड्रोमिक रचना आधीपासून होती, आणि त्या वर्षी केसी स्टोनरने १८पैकी १० शर्यती जिंकून अजिंक्यपद नेलं. होंडा आणि यामाहाला हवेच्या दाबावर चालणाऱ्या न्यूमॅटिक व्हॉल्व्हकडे वळावं लागलं. ते काही स्वस्तातलं काम नव्हे.

पण खरी मेख इंधनात होती. २१ लिटरमध्ये शर्यत पुरी करायची, तर प्रत्येक वळणावर किती थेंब जातो याचा हिशोब सॉफ्टवेअरला ठेवावा लागतो. कुठे मिश्रण पातळ करायचं, कुठे ताकद अडवायची, मागचं चाक घसरू न देता इंधन कसं वाचवायचं. इलेक्ट्रॉनिक्सचं खातं फुगलं ते तिथे. आमच्या गाडीवर शेवटच्या तीन-चार लॅपमध्ये इंधन वाचवायचा नकाशा, म्हणजे सॉफ्टवेअरमधली आकड्यांची वेगळी मांडणी, आपोआप लागायचा. एका शर्यतीनंतर आमचा रायडर हेल्मेट काढायच्या आधीच माझ्यावर ओरडला, ‘इंजिन मेलं होतं का?’ इंजिन ठणठणीत होतं. टाकीत मात्र जेमतेम वाटीभर पेट्रोल उरलं होतं. फॅक्टरी संघाकडे, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या संघाकडे, त्याच सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती होती, जी हे काम रायडरला न कळू देता करायची. आमच्याकडे ती पुढच्या वर्षी आली असती, आली तर. वेग कमी करायचा होता आणि लगाम घातला इंधनाला. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. गाड्या सरळ पट्ट्यावर थोड्या हळू झाल्या, वळणात जास्त वेगाने शिरू लागल्या, आणि लॅपचे विक्रम तर मोडतच राहिले.

याच काळात कावासाकी २००८नंतर बाहेर पडली, सुझुकी २०११नंतर. २०१० आणि २०११ मध्ये पूर्ण हंगाम पळणारे रायडर उरले १७. खर्च कमी करण्यासाठी २०१० पासून एका रायडरला हंगामाला सहाच इंजिनं असा नियम आला. दिसायला हा नियम एकदम शहाणा. पण तीन शर्यती टिकणारं इंजिन एका शर्यतीपुरत्या इंजिनापेक्षा बनवायला कठीण असतं. धातू वेगळा, लेप वेगळा, चाचणीच्या टेबलावर शेकडो तास वेगळे. एकेका इंजिनाची किंमत चढते, आणि हे तास ज्याच्याकडे जास्त त्यालाच परवडतं. शिवाय न्यायाचा प्रश्न निराळाच. २०१२ मध्ये नेदरलँड्सच्या असेनला पहिल्याच वळणावर बाउटिस्टा या रायडरने लोरेन्झोला पाडलं. पडलेल्या गाडीचं इंजिन चालूच राहून जळालं, आणि लोरेन्झोच्या सहा इंजिनांमधलं एक कायमचं गेलं. चूक एकाची आणि दंड दुसऱ्याला. मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो, दुसऱ्याच्या अपघातात गेलेलं इंजिन मोजणीतून वगळायला काय हरकत आहे? उत्तर असं मिळतं की मग प्रत्येक पडणं दुसऱ्याच्या चुकीने झालेलं ठरेल. तेही खोटं नाही.

बंदीने खर्च कसा वाढतो, याची माझी दोन आवडती उदाहरणं आहेत. पहिलं गिअरबॉक्सचं. डबल-क्लच गिअरबॉक्सला बंदी आहे. मग होंडाने २०११ मध्ये एकाच क्लचवर, ताकद क्षणभरही न तुटता पुढचा गिअर लागेल असा सीमलेस गिअरबॉक्स आणला. यामाहाला तो शर्यतीत उतरवायला २०१३चा उत्तरार्ध उजाडला. बंद केलेली गोष्ट मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या गाड्यांमध्ये मिळते. तिच्या जागी आलेली गोष्ट घड्याळासारखी नाजूक, आणि भाड्याच्या गाडीवर असेल तर ती उघडायला कंपनीचाच माणूस लागतो. दुसरं उदाहरण गाडीची उंची बदलणाऱ्या यंत्रणेचं. इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन मोटोजीपीत चालत नाही, तेही खर्चाच्याच नावाखाली. मग डुकाटीने आधी स्टार्टच्या वेळी मागचा भाग खाली बसवणारं होलशॉट उपकरण आणलं आणि नंतर वळणातून बाहेर पडताना गाडी खाली बसवणारी हायड्रॉलिक यंत्रणा. रायडरने हाताने खटका दाबायचा, कारण विजेवर चालणारी झडप चालणार नाही. सगळ्यांना ती बनवावी लागली. २०२३ पासून पुढच्या बाजूची यंत्रणा बंद केली, २०२७ मध्ये उरलेलीही जाणार. साधं इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन रस्त्यावरच्या महागड्या बाइकवर दुकानातून मिळतं. त्याला नको म्हणून आम्ही काही वर्षं नळ्या, सिलिंडर आणि खटक्यांवर पाण्यासारखा पैसा ओतला.

ग्रिड, म्हणजे शर्यतीच्या सुरुवातीच्या रांगा, भरायला २०१२ मध्ये इंजिन पुन्हा मोठं, १००० सीसीचं झालं आणि सीआरटी नावाचा गट आला. खासगी संघांनी रस्त्यावरच्या बाइकच्या इंजिनाभोवती स्वतःची चौकट बनवायची. त्यांना २४ लिटर इंधन आणि १२ इंजिनं, कारखान्यांना २१ लिटर आणि सहा. शिवाय त्यांचं इंजिन कुणी कारखान्याने मागितलं तर ठरलेल्या, तुलनेने किरकोळ किमतीला विकायची अट. म्हणजे कुणी त्यात छुपा पैसा घातला तर तो हातचा जाईल. कल्पना चलाख होती. पण या गटात सर्वांत वेगवान ठरली एआरटी, म्हणजे एप्रिलियाच्या आरएसव्ही४वर बेतलेली आणि एप्रिलियानेच पुरवलेली गाडी. खासगी लोकांसाठी उघडलेल्या दारातून एक कारखानाच आत आला. आणि मागणी करून इंजिन विकत घ्यायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

२०१४च्या सुरुवातीला जे घडलं ते तर शिकवण्यासारखं आहे. सर्वांसारखं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी ओपन नावाचा गट केला: २४ लिटर, १२ इंजिनं, मऊ टायर. कारखान्यांना २० लिटर आणि पाचच इंजिनं. पाच इंजिनं म्हणजे हंगामात इंजिनात सुधारणा करायची सोय नाही, आणि डुकाटी तेव्हा मागे पडलेली. ती सरळ म्हणाली, आम्ही ओपनमध्ये येतो. नियमात कुठेही कारखान्याला मनाई नव्हती. होंडा-यामाहा चिडल्या, हंगाम तोंडावर आलेला, आणि मग घाईघाईत तोडगा निघाला: आदल्या वर्षी कोरड्या ट्रॅकवर न जिंकलेल्या कारखान्याला ओपनच्या सवलती मिळतील, पण जिंकायला लागला की त्या एकेक करून काढून घेतल्या जातील. आज ज्याला सवलतींची पद्धत म्हणतात तिचा जन्म असा भांडणातून झाला. गंमत अशी की या तडजोडीतून निघालेली ही गोष्ट नीट आखून केलेल्या कित्येक नियमांपेक्षा जास्त उपयोगी पडली. सुझुकी २०१५ मध्ये परतली, एप्रिलिया आणि केटीएम आल्या, आणि तिघींना उभं राहायला याच सवलतींचा आधार मिळाला.

२०१६ मध्ये सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर सक्तीचं झालं, मॅग्नेटी मारेलीचं. मिशेलिनचे टायर आले, इंधन सर्वांना २२ लिटर. त्या वर्षी १८ शर्यतींत नऊ वेगवेगळे विजेते निघाले, त्यांत जॅक मिलर आणि कॅल क्रचलो हे दोघे सॅटेलाइट, म्हणजे कारखान्याकडून गाडी घेणाऱ्या, संघांचे. माझ्या कामाच्या दृष्टीने हा मोठा बदल. आधी फॅक्टरी संघात सॉफ्टवेअर लिहिणारी फौज असायची आणि आम्हाला त्यांच्या मेहेरबानीने जुनी आवृत्ती मिळायची. आता कोड सगळ्यांचा एक. खर्च तरीही शून्य झाला नाही, कारण सॉफ्टवेअर सारखं असलं तरी त्यात आकडे भरणारी माणसं सारखी नसतात. चांगल्या डेटा इंजिनियरांचे भाव त्या दोन वर्षांत असे चढले की (स्वार्थाने सांगतो) माझी तक्रार नव्हती. पण वीस लिहिणाऱ्यांच्या जागी दोन जाणते लागू लागले, आणि दोन जाणते खासगी संघही ठेवू शकतो. पैसा ओतून मिळणारा फायदा आटणं म्हणजे हे.

ब्रिटिश सुपरबाइकने हेच आणखी कडकपणे २०१२ मध्येच केलं होतं. मोटेकचा एकच ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, आणि मागचं चाक घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल अजिबात नाही. कारखान्यांनी नाकं मुरडली, स्पर्धा मात्र चुरशीची राहिली आणि छोटे संघ टिकले.

एकाच पुरवठादाराची पद्धत टोकाला नेली की काय होतं ते मोटो२मध्ये, म्हणजे मोटोजीपीच्या खालच्या वर्गात, दिसतं. २०१० मध्ये २५० सीसीच्या टू-स्ट्रोकच्या जागी सर्वांना होंडाचं ६०० सीसीचं सारखंच इंजिन दिलं, तेही चिठ्ठ्या टाकून. आधीच्या पद्धतीत एप्रिलियाची सर्वांत चांगली २५० भाड्याने घेणं निवडक संघांनाच परवडायचं. नव्या पद्धतीत ग्रिड एकदम ४०च्या आसपास गेलं. चौकट मात्र कुणीही बनवायला मोकळा. पहिल्या वर्षी टोनी एलियास मोरिवाकीच्या चौकटीवर अजिंक्य झाला, २०१२ मध्ये मार्केझ सुटरच्या. त्यानंतर हळूहळू सगळे कालेक्सकडे वळले, कारण ज्या चौकटीवर जास्त गाड्या त्या चौकटीचा डेटा जास्त, आणि छोट्या संघाला वेगळी वाट धरून वर्ष वाया घालवणं परवडत नाही. २०१३ ते २०२३ प्रत्येक विजेता कालेक्सवर होता. २०२४ मध्ये आय ओगुराने बोस्कोस्कुरोवर ती साखळी तोडली. खर्च आटोक्यात आला, समानता आली आणि विविधता गेली. मला यात वाईट वाटतं ते चौकट बनवणाऱ्या छोट्या कारागिरांचं. संघांचा हिशोब करायला बसलो तर मोटो२ हा यशस्वी प्रयोगच म्हणावा लागतो.

सुपरबाइकचं गणित वेगळं. तिथे दुकानात मिळणाऱ्या वेगवेगळ्या घडणीच्या गाड्या एकत्र पळवायच्या असतात, त्यामुळे तराजू लागतोच. एके काळी ७५० सीसीच्या चार सिलिंडरच्या गाड्यांविरुद्ध १००० सीसीच्या जुळ्या सिलिंडरच्या. नंतर हवेच्या वाटेवर रिस्ट्रिक्टर. २०१८ मध्ये फेऱ्यांची मर्यादा आली, म्हणजे जिंकणाऱ्याच्या इंजिनाचे कमाल फेरे कमी करायचे. त्या वर्षी कावासाकीला मिनिटाला १४,१०० फेऱ्यांवर आणलं, तरी जोनाथन रे १७ शर्यती जिंकला. तराजू गाडीला लावला होता आणि वजन रायडरच्या बाजूला होतं. पुढच्या वर्षी डुकाटीने पानिगाले व्ही४ आर आणली, मर्यादा १६,३५० फेऱ्यांची. बाउटिस्टाने पहिल्या नऊच्या नऊ शर्यती जिंकल्या. मग २५० फेरे कापले. तो असेनला आणखी दोन जिंकला. नंतर तो स्वतःच पडत गेला आणि अजिंक्यपद रेने नेलं, ते त्या २५० फेऱ्यांमुळे असं मी तरी म्हणणार नाही.

पानिगाले व्ही४ आरची किंमत बघा. तेव्हाच्या नियमानुसार गाडीची दुकानातली किंमत ४०,००० युरोच्या आत हवी होती, आणि डुकाटीने ती ३९,९०० युरोला काढली. रस्त्यावरच्या साध्या व्ही४चं इंजिन ११०३ सीसीचं, आणि ही खास ९९८ सीसीची. नियमाने किमतीला छत घातलं की कंपनी छताला डोकं लावून उभी राहते. तरीही हा नियम मला पटतो. छत आहे म्हणून निदान ती गाडी विकत घेऊन खासगी संघाला उतरता तरी येतं. छत नसतं तर तीच गाडी दुप्पट किमतीला आली असती आणि नियमाला पुरेल एवढीच बनली असती.

२०२४ मध्ये सुपरबाइकने रायडरच्या वजनालाही हात घातला. पोशाखासह ८० किलो हे प्रमाण धरलं, आणि त्याहून हलक्या रायडरच्या गाडीवर फरकाच्या निम्मं वजन लादलं. हलक्या अंगाच्या बाउटिस्टाचे पाठीराखे खवळले. मोटो२ आणि मोटो३मध्ये रायडर आणि गाडीचं मिळून किमान वजन बरीच वर्षं आहे, मोटोजीपीत फक्त गाडीचं. यात न्याय कुठे? हलका रायडर सरळ पट्ट्यावर जिंकतो, पण जड गाडी अंगाने वळवायला आणि टायर तापवायला त्याला त्रास होतो. निम्माच फरक घेणं ही या दोन्ही गोष्टींची कबुली आहे. मला तो बऱ्यापैकी प्रामाणिक नियम वाटतो, फक्त तो एका माणसाच्या विजयांनंतर आला ही त्याची अडचण.

हवेच्या पंखांबद्दल थोडक्यात, नाहीतर या विषयावर मी थांबणार नाही. २०१६नंतर विंगलेटवर, म्हणजे हवेच्या जोरावर गाडी खाली दाबणाऱ्या छोट्या पंखांवर, बंदी आली. पुढच्या वर्षी तेच काम करणारे बोगदे फेअरिंगच्या, म्हणजे गाडीच्या बाहेरच्या आवरणाच्या, आत आले, म्हणजे सगळ्यांनी साचे नव्याने पाडले. आमच्या गोदामात जुने साचे कितीतरी दिवस पडून होते, फेकवतही नव्हते. मग २०१९च्या कतारच्या शर्यतीनंतर डुकाटीच्या स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) छोट्या पंखावर चार कंपन्यांनी तक्रार केली. डुकाटीचं म्हणणं, हा टायर थंड करायला आहे. प्रकरण अपिलाच्या न्यायालयात गेलं आणि डुकाटीच्या डोव्हिझिओसोचा विजय कायम राहिला. त्यानंतर होंडाने तसाच भाग मंजुरीला नेला, तो हवेचा दाब मिळवायला आहे असं सांगून, आणि नकार मिळाला. तोच भाग स्विंगआर्मच्या मजबुतीसाठी आहे असं म्हटल्यावर मंजूर झाला. भाग तोच, फक्त अर्जावरचं कारण निराळं. नियम हेतूवर लिहिला की असं होतं. मापावर लिहावा: एवढे मिलिमीटर लांब, एवढे रुंद, या रेषेच्या पुढे नाही. पट्टी लावली की वाद संपतो.

सवलतींची सध्याची पद्धत मात्र मापावर चालते, म्हणून ती मला आवडते. कारखान्याने शक्य असलेल्या गुणांपैकी किती टक्के मिळवले त्यावरून अ, ब, क, ड अशी श्रेणी: ८५ टक्के किंवा जास्त मिळवले तर अ, ३५च्या खाली गेलं तर ड. ‘अ’ला चाचणीसाठी १७० टायर आणि वाइल्ड कार्ड (एखाद्या शर्यतीपुरता जादा रायडर) शून्य, ‘ड’ला २६० टायर, जास्त इंजिनं आणि आपल्या मुख्य रायडरसह हवी तेवढी चाचणी. २०२४ मध्ये डुकाटी अ, होंडा आणि यामाहा ड. त्या वर्षी डुकाटीने २०पैकी १९ मुख्य शर्यती जिंकल्या! लोक म्हणाले, बघा, उपयोग नाही. पण सवलतीने वेळ मिळतो, ज्ञान लगेच मिळत नाही. चाचणीत सापडलेली गोष्ट गाडीत उतरायला वर्षभर जातंच.

खरं तर त्याच २०२४ मध्ये छोट्या संघांसाठी त्याहून मोठी गोष्ट घडली होती. होर्हे मार्टिन प्रामाक या खासगी संघाच्या डुकाटीवर अजिंक्य झाला, मोटोजीपीच्या काळातला स्वतंत्र संघाचा पहिला विजेता. त्याला नियमाची कृपा म्हणता येणार नाही. डुकाटीने आठ गाड्या उतरवल्या, सगळ्यांचा डेटा एकमेकांना खुला ठेवला, आणि काही संघांना वर्षभर जुनी पण जमलेली गाडी दिली. मार्केझने त्या हंगामात अशाच जुन्या गाडीवर तीन शर्यती जिंकल्या.

टायरच्या दाबाचा नियम हा सुरक्षिततेचा, पण त्याचे परिणाम न्यायावर होतात. पुढच्या टायरचा दाब शर्यतीच्या किमान ६० टक्के लॅप ठरलेल्या १.८ बारच्या वर हवा, नाहीतर १६ सेकंदांचा दंड. दाब ठरवतात शर्यतीआधी, आणि तो वाढतो समोरच्या गाडीच्या गरम हवेत. एकटा पुढे पळालात तर टायर थंड राहून दाब पडतो. २०२५ मध्ये थायलंडच्या बुरीरामला मार्क मार्केझने पुढे असताना भावाला मुद्दाम पुढे जाऊ दिलं, बराच वेळ त्याच्या मागे राहून दाब चढवला आणि शेवटी पुन्हा पुढे जाऊन जिंकला. तो हे करू शकला कारण त्याच्याकडे वेग शिल्लक होता. मधल्या फळीतल्या रायडरने हे केलं असतं तर चार जागा गमावल्या असत्या. शिवाय शनिवारी दाबाचा अंदाज चुकला की रविवारी चूक इंजिनियरची आणि गुण रायडरचे जातात. आमच्या व्यवसायात याहून वाईट झोप उडवणारी गोष्ट नाही.

आता २०२७. इंजिन ८५० सीसी, बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८१ऐवजी ७५ मिमी. हा आकडा महत्त्वाचा आहे, म्हणून जरा थांबतो. चार सिलिंडरच्या १००० सीसीत ८१ मिमी बोअर असेल तर पिस्टनचा प्रवास, म्हणजे स्ट्रोक, साधारण ४८.५ मिमी येतो. ८५०ला ७५ मिमी बोअर धरला तर ४८.१. जवळपास तोच. फेऱ्यांना लगाम घालतो तो स्ट्रोक, आणि तो जवळजवळ जागेवर असल्यामुळे फेऱ्यांची शर्यत नव्याने सुरू होणार नाही. ८००च्या वेळी बोअरला मर्यादाच नव्हती, आणि म्हणून तेव्हा व्हॉल्व्हवर पैसा जळाला. ही चूक या वेळी केलेली नाही. शाबासकी द्यायला हवी.

बाकी बदल: उंचीची आणि होलशॉटची सगळी यंत्रणा बंद, पुढचं फेअरिंग अरुंद, मागचे पंखही मंजुरीच्या कक्षेत, इंधन २२वरून २० लिटर आणि तेही जीवाश्म स्रोतापासून न बनलेलं, इंजिनं मूळ हिशोबात सातऐवजी सहा. टायर मिशेलिनऐवजी पिरेली. सगळे कारखाने ‘ब’ श्रेणीतून सुरुवात करणार. आणि माझ्या मते सर्वांत मोलाचं, ज्याची बातम्यांत फारशी चर्चा झाली नाही: प्रत्येक सत्रानंतर सगळ्या रायडरांचा जीपीएस डेटा सगळ्या संघांना मिळणार. कुठल्या वळणात कोण किती वेगाने शिरतो हे समजण्यासाठी आजवर मोठे संघ व्हिडिओ आणि माणसं लावत. आता तो कागद फुकटात टेबलावर येईल. छोट्या संघाला जे खरोखर उपयोगी पडेल ते हे.

माझी शंका इंधनावर आहे. २० लिटर म्हणजे पुन्हा थेंबांचा हिशोब. सॉफ्टवेअर एकच असल्याने २००७सारखी फौज लागणार नाही, पण ज्याच्या इंजिनाचा ज्वलनकक्ष चांगला तो शर्यतभर ताकद वापरेल आणि बाकीचे शेवटी वाचवत बसतील. नव्या इंधनाची रसायनं कोण लवकर ओळखतो, हाही कारखान्यांच्या प्रयोगशाळांचाच खेळ. आणि २०२६ मध्ये प्रत्येक कारखाना जुनी गाडी पळवत नवी बनवतो आहे, म्हणजे एका वर्षात दोन बिलं. म्हणूनच बहुतेकांची जुनी इंजिनं त्या वर्षी गोठवून ठेवली आहेत, ते योग्य झालं.

तर छोट्या संघांचं भलं होईल का? पहिल्या वर्षी माझी अपेक्षा नाही. इंजिन, टायर, हवा तिन्ही एकदम बदलल्यावर कुठल्याही संघाकडचा आधीचा सेट-अपचा डेटा कचऱ्यात जातो, आणि शून्यापासून सुरुवात करताना ज्याच्याकडे जास्त चाचणी रायडर त्याची पाटी लवकर भरते. २०२० मध्ये मिशेलिनने फक्त मागच्या टायरची बांधणी बदलली होती, तेवढ्यानेच पुढचे-मागचे हलले आणि १४ शर्यतींत नऊ विजेते निघाले. पण ते आधीच्या पक्क्या पायावर बसलेलं हलकं हादरणं होतं. इथे सगळा पायाच नवा. छोट्या संघाने २०२७चा करार करताना भाड्याच्या रकमेवर घासाघीस करण्यापेक्षा दोन कलमांवर अडून बसावं: फॅक्टरी गाडीवर आलेली सुधारणा किती शर्यतींच्या आत आपल्याला मिळणार, आणि त्यांच्या रायडरांचा पूर्ण डेटा आपल्याला दिसणार की नुसता सारांश. दुसरं कलम कागदावर लिहून घेतलं नाही, तर पहिल्या पावसाळी शुक्रवारी ते आठवेल.